लेक असावी तर अशी

"ऊठ, आई! गोठ्यापर्यंत तरी चल!"

मारितने गुड्रुनच्या मांडीवरचं पांघरूण ओढलं आणि स्वयंपाकघरातल्या बायका जागच्या जागी थिजल्या. गावात कुणी आजारी पडलं की चर्चमधल्या बायका त्या घरची सगळी कामं वाटून घेत, आजाऱ्याला काडीही उचलू देत नसत. बटाट्याच्या लेफ्से पोळ्या घेऊन आलेली शेजारीण बोर्गहिल्ड फणकारली, "अगं, गळ्यावरचा व्रण अजून लाल आहे तिच्या! व्यालेल्या गाईलाही कुणी असं हाकत नाही!"

"गाय निदान चरायला बाहेर पडते, मावशी," मारित म्हणाली खरी. पण आईच्या डोळ्यांकडे पाहणं तिने टाळलं.

गळ्यातल्या बिघडलेल्या ग्रंथींनी गुड्रुनच्या हाडांतलं कॅल्शियम वर्षानुवर्षं उपसलं होतं. शस्त्रक्रियेने ती गळती थांबली. आता गोळ्या, दूध आणि रोजचं चालणं यांनीच पोकळ हाडं भरायची होती. पण गुड्रुन खिडकीजवळची खुर्ची सोडेना... तीच खुर्ची, जिच्यात तिची आई कित्येक हिवाळे बसून राहिली, आणि एकदा उठताना खुब्यात मोडली, ती कायमचीच! खुर्ची रिकामी असली तरी करकरते, असा मारितला भास होई.

"पोरगी आईचे हाल करते," गावभर झालं. मारितने तेही गिळलं. आईचा अबोला मात्र गिळवेना.

एका दुपारी तो सुटला, तोही असा: "मला मोडूनच टाकायचंय का तुला?"

"नाही गं!" मारितचा बांध फुटला. "आजीला नेलं या खुर्चीने, तुला नाही नेऊ द्यायचं मला!"

गुड्रुनने खुर्चीच्या हातांवरून बोटं फिरवली. मग पुटपुटली, "आईला मीच इथे बसवलं होतं... पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायची. सगळं गाव म्हणायचं, लेक असावी तर अशी! आणि तुला, पोरी..."

दोन्ही हात टेकून ती आपली आपण उभी राहिली.

"बूट आण माझे."

मारित गुडघ्यांवर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागली. डोळ्यांतल्या पाण्याने गाठ दिसेना. आईचा हात तिच्या केसांवरून फिरला.

"सैल बांधू नकोस," आई म्हणाली, "लांब जायचंय."