घरचं सेन्सॉर

"ती चौकट जरा डावीकडे झुकू द्या," शिडीखालून आवाज आला. "सरांना सरळ टांगलेलं चित्र आवडायचं नाही."

शिडीवरून तिनं दचकून खाली पाहिलं. सभागृहात आपण एकट्याच आहोत, असं तिला वाटलं होतं. खाली एक सडसडीत माणूस उभा. बाहीवर शाईचा डाग आणि डोळे असे, की आत्ताच कुणाची तरी थट्टा करून आलेत.

"माझ्या वडिलांना काय आवडायचं ते मला ठाऊक आहे."

"अरे बापरे... तुम्ही सरांची मुलगी!" तो ओशाळला. शिडी मात्र त्यानं घट्ट धरून ठेवली.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. ते ज्यात व्यंगचित्रं काढायचे, त्या वर्तमानपत्रानं त्यांच्या नावानं दोन पुरस्कार सुरू केले होते, एक व्यंगचित्राला, एक विनोदी लेखनाला. आज ते तिच्या हातून द्यायचे होते. व्यंगचित्राचा मानकरी हाच. सात वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसलेला.

"शाई भरताना शीळ घालायचे सर. इतकी बेसूर, की सगळं ऑफिस कानात बोटं घालायचं!"

शीळ? घरी तर कधीच नाही... तिला आत काहीतरी टोचलं.

"आणखी काय करायचे?" तिनं विचारलं, आणि विचारल्याचा तिला रागही आला. तो भरभरून सांगत राहिला. तिला प्रत्येक गोष्ट हवी होती, आणि त्याच्या तोंडून एकही नको होती.

समारंभात मानचिन्ह देताना बोटांना बोटं लागली, तेव्हा तिनं हात जरा घाईनंच मागे घेतला. नंतर चहाच्या वेळी पाहते तर विनोदी लेखनाची मानकरी त्याला खेटून खिदळतेय, आणि हा तिच्या वहीत तिचंच चित्र काढून देतोय! हिच्या अंगाचा तिळपापड झाला. शिळेचा राग समजण्यासारखा होता. पण हा... हा कुठला?

पर्स उचलून ती निघाली. तो पायऱ्यांवर धावत आला.

"न बोलताच?"

"तुम्ही कामात होतात." ती थांबली. "खरं सांगू? बाबांची सात वर्षं तुम्हाला मिळाली, याचा मला हेवा वाटतो."

"तुम्हाला? अहो, जळायचो तर मी! सर कच्चं चित्र घरी न्यायचे आणि सकाळी येऊन टराटरा फाडायचे. 'घरचं सेन्सॉर हसलं नाही!' मी सुचवलेल्या कल्पना, सगळ्या ऑफिसला पोट धरून हसवणाऱ्या... टोपलीत! न पाहिलेल्या मुलीचा सात वर्षं दुस्वास केलाय मी."

ती पायरीवर बसलीच. नाश्त्याला बाबा कागद पुढे सरकवायचे. 'बरं आहे' म्हणून ती चहात बिस्किट बुडवायची. ते विचारत होते, हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "कालचं आहे. कुणालाच दाखवलेलं नाही. पुरस्कार मिळाला खरा, पण..."

तिनं डोळे पुसून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं आहे."

"म्हणजे...?"

"फाडा."

त्यानं फाडलं, चक्क आनंदानं. "उद्या दुसरं आणू?"

"आणा. आणि यापुढे कुणाच्या वहीत चित्र काढायचं असेल, तर तेही आधी मला दाखवायचं."

"तेसुद्धा?" त्याचे डोळे लुकलुकले.

"तेच तर आधी," ती म्हणाली. "सकाळी या... नाश्त्याला."