पस्तीस अंशांचा जिना

जिन्याचा कोन काढायला फार हुशारी लागत नाही. एका पायरीची उंची घ्यायची, पाय टेकायला रुंदी किती मिळते ते बघायचं आणि उंचीला रुंदीने भागायचं. पुढचं काम कोनांचा तक्ता करतो. मी तीस वर्षं नागपुरात घरांचे नकाशे काढले, त्यामुळे हे मला झोपेतही जमतं. जमत नाही ते चढणं. गुडघे गेल्यापासून स्वतःच्याच घरात सहाव्या आणि बाराव्या पायरीवर थांबून दम खातो. मग अरुंधती स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, पोचलात का?"

अडुसष्ट साली चंपतरावांचं घर माझ्याकडे आलं. टपाल खात्यातला सरळ माणूस, लक्ष्मीनगरला छोटासा प्लॉट. खाली जागा पुरत नव्हती म्हणून देवघर वरच्या मजल्यावर घेतलं होतं. नरखेडकडच्या गावाहून त्यांच्या आई, रंभाबाई, कायमच्या राहायला येणार होत्या. सत्तरी उलटलेली आणि गुडघे धरलेले.

"आईले रोज वर जाता आलं पाहिजे साहेब," चंपतराव म्हणाले. "पूजा केल्याशिवाय ते पानी पेत नाही. बाकी मले काही नको."

मजल्याची उंची नऊ फूट अकरा इंच होती. लांबी तेरा फूट चार इंच, त्यापुढे लगेच दार. सात इंच उंचीच्या सतरा पायऱ्या, पाय टेकायला दहा इंच रुंदीचं पाऊल. कोन बरोबर पस्तीस अंश. इतका नेटका हिशेब क्वचित जमतो, आणि खरं सांगतो, मी स्वतःवरच खूश होतो.

धोंडबा मिस्त्रीने भिंतीवर खडूने पायऱ्या आखल्या आणि खालून बोट ठेवत मोजायला लागला. इंद्र, यम, राजा, इंद्र, यम, राजा. जुन्या मिस्त्र्यांची ही रीत. शेवटची पायरी यमावर येऊ द्यायची नाही.

"सतरावी यमावर येऊन राहिली साहेब. अठरा करा, राजावर संपते."

"अठरा केल्या तर पाऊल साडेनऊ इंचही उरत नाही. म्हातारीचा पाय टेकेल कुठे?"

त्याने खडू खिशात टाकला. मी जरा चढेलपणानेच बोललो होतो.

गृहप्रवेशाच्या दिवशी रंभाबाई तीन पायऱ्या चढल्या आणि बसल्या. मला फार वाईट वाटलं. कठड्याचं काम बाकी होतं म्हणून आठवड्याने गेलो, तर त्या सातव्या पायरीवर निवांत बसून वाती वळत होत्या. वर पूजा सून करायची, आणि या जमेल तिथवर चढून तिथूनच हात जोडायच्या.

"जिना सोपा होऊन राहिला गा, बाबू," त्या हसून म्हणाल्या.

"सवय झाली आई."

"सवय नाही गा. चढ कमी झाला."

मला गंमत वाटली. कठड्यासाठी कोन घ्यायचाच होता. पायऱ्यांच्या कडांवर फळी टाकली, तिच्यावर लाकडी कोनमापक उभं धरलं आणि ओळंबा सोडला. तेहतीस.

पुन्हा धरला, पुन्हा तेहतीस. टेप काढली. प्रत्येक पायरी सात इंच, पाऊल दहा इंच. या आकड्यांतून तेहतीस येऊच शकत नाही. तेवढ्यात सुनेने, सुमतीने, त्यांना चहाला हाक मारली. रंभाबाई भिंत धरत खाली उतरून गेल्या आणि माझ्या हातातला ओळंबा हळूच सरकून पस्तीसवर थांबला.

पुढच्या आठवड्यात कठडा बसवून घेतला, तेव्हा त्या अकराव्या पायरीवर होत्या. ओळंब्याने सत्तावीस दाखवले. सुमतीला विचारलं तर ती म्हणाली, "आमाले तर तितकाच चढ लागते, भाऊजी."

मी चंपतरावांना गाठलं. देव खाली आणा म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले. "काहून? आई आपल्या पायानं चढून राहिली, अन् तुम्ही देव खाली आना म्हनता?" मला भीती वाटत होती, एवढंच खरं होतं, आणि ते मोठ्याने बोलायची लाज वाटली.

शेवटी धोंडबाकडे गेलो. त्याने टोमणा मारला नाही. "खाली एक फरशी बसवू," म्हणाला. "अठरा होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही पोचलो. धोंडबा अंगणात सिमेंटचा मसाला कालवायला बसला आणि मी आत गेलो. रंभाबाई जिन्यावर होत्या, हातात फुलांची परडी. चौदावी पायरी.

"आई, थांबा. खाली या."

"काहून गा?"

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"चढ कुठी राहिला आता? अंगनावानी झालं सारं."

त्यांचा हात कठड्यावर नव्हता. त्या वर जात होत्या, पण गुडघे वाकत नव्हते. सपाट जमिनीवर चालावं तशा चालत होत्या.

पंधरावी. सोळावी.

मी धावलो. मला तो जिना उभाच लागला, नेहमीसारखा.

वर घंटा वाजली, एकदाच.

मी पोचलो तेव्हा त्या देवापुढे मांडी घालून बसल्या होत्या. फुलं वाहून झाली होती. सुमती मागून आली, "आई" म्हणून दोनदा हाक मारली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं.

धोंडबाने कालवलेला मसाला घमेल्यातच वाळला.

त्यानंतर मी कुणालाही सतरा पायऱ्या दिल्या नाहीत. माझ्या घराला अठरा आहेत, राजावर संपणाऱ्या. स्वतः मोजून घेतल्या. या गोष्टीला आता वीस वर्षं झाली.

आज सकाळी वर आलो. जुन्या सामानातून फळी आणि ओळंबा काढला, पण अजून लावून बघितला नाही. हातात धरून वरच्या पायरीवर बसलो आहे.

खालून अरुंधतीचा आवाज येतोय.

"अहो, आज मध्ये कुठे थांबला नाहीत?"