नजरेच्या वाटेत

नटाच्या डोळ्यापासून लेन्सपर्यंत टेप ताणायची, अंतर मोजायचं आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा. कॅमेरामन दादांची सगळी कारकीर्द या साध्या गोष्टीवर उभी होती. एकोणीस वर्षांत अकरा चित्रपट, सगळे पदरमोड करून केलेले, आणि अकराही चित्रपटांत फोकस सांभाळायला त्यांची बायको. घरी दोघांना धड बोलायला फुरसत नसायची. सेटवर मात्र दादांची भुवई हलली तरी तिला कळायचं.

बारावा चित्रपट तिच्याविना सुरू झाला. रिकाम्या फ्लॅटमधली लांबट खोली, टेबलाशी बसलेली एकच अभिनेत्री आणि तिच्या मागे, पार टोकाला, दार.

पहिल्याच शॉटनंतर दिग्दर्शक मॉनिटरवर वाकला. "दादा, बाईंचा चेहरा धूसर आणि दार लख्ख. हे काय?"

नवा फोकसवाला प्रत्येक आकडा वहीत टिपायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं वहीच पुढे केली. "आठ फूट मोजलंय, फोकस आठवरच ठेवलाय. दार सोळावर आहे. मी काय झोपा काढत होतो?"

दादांनी लेन्स तपासली. निर्दोष होती. तरीही बदलली. दुसऱ्या दिवशी दारही धूसर झालं; स्पष्ट दिसत होता तो दाराच्या अलीकडचा फरशीचा तुकडा. बारा फूट. तिसऱ्या दिवशी नऊ.

"दादा," मास्तर हळूच म्हणाला, "हे पुढं येतंय."

"यंत्र आहे. बिघडतं कधीकधी," दादा म्हणाले, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हॉस्पिटलमधून बायकोनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "येता का?" खिडकीतलं ऊन उतरायला लागलं होतं. "एवढा एक शॉट संपवून निघतो," असं ते म्हणाले आणि वीस मिनिटं उशिरा पोचले. तिचा हात अजून कोमट होता. तेव्हापासून त्यांना एकच हवं होतं: एकदा तिच्यासमोर उभं राहून माफी मागायची. म्हणून दिग्दर्शकानं दुसरा कॅमेरा मागवायची गोष्ट काढली, तेव्हा दादा हट्टाला पेटले. "हाच राहील."

चौथ्या दिवशी भर शॉटमध्ये अभिनेत्रीनं खुर्ची जरा बाजूला घेतली.

"काय झालं?" दिग्दर्शकानं विचारलं.

"कुणाला तरी जायचं होतं ना?" ती म्हणाली आणि स्वतःच गोंधळली.

पुढचा शॉट. सहा फूट. त्याच्या पुढचा, चार. मग अडीच; तिथे हवेत तरंगणारी धूळ कणन् कण दिसत होती.

दीड फुटाच्या आतलं त्या लेन्सला दिसत नाही. सगळं चित्र दुधाळ झालं.

"चुकलं गं माझं," दादा डोळा न हलवता पुटपुटले.

काहीच दिसलं नाही.

मग अभिनेत्रीचा चेहरा आपोआप स्पष्ट झाला, पापणीच्या केसापर्यंत. मास्तरनं हुश्श केलं. दिग्दर्शक खुशीत आला, "चला, गाडी रुळावर आली!" दादांना मात्र हुंदका आवरेना. इतकी जवळ आली आणि त्यांना ती दिसलीच नाही.

पुन्हा शॉट लागला. अभिनेत्रीनं तोंड उघडलं आणि थांबली. नट काम करत असताना त्याच्या नजरेच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही, हा सेटवरचा रिवाज. तो मोडला की नटानं हक्कानं सांगायचं.

"दादा, तुमच्या मागं त्या उभ्या आहेत ना, त्यांना जरा सरकायला सांगता? माझं लक्ष जातंय."

कुणीच हललं नाही. जागा पुरावी म्हणून कॅमेरा खोलीच्या या टोकाला अगदी खेटून लावला होता. दादांची पाठ भिंतीला टेकलेली होती.

"रागावलीय का?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"नाही हो," अभिनेत्री म्हणाली. "शॉट संपायची वाट बघतायत."