घामटची स्टिक

स्नूकर क्लबातले दिवे गेले तेव्हा काकांनी एका पोराला किल्ली देऊन काउंटरच्या खणातून मेणबत्ती आणायला पाठवलं. काका म्हणजे इथले मार्कर. गुण मांडायचे आणि पोरांना शिस्त लावायची ही त्यांची दोन कामं, त्यातलं पहिलं त्यांना चांगलं जमायचं. पोरगा मेणबत्ती घेऊन आला, आणि दुसऱ्या हातात एक वस्तरा.

"काका, तुमची दाढी पोटावर आलीय. मग हा कशाला?" वस्तऱ्याला कसलासा फेस होता. त्याने हात पँटीला पुसला.

काकांनी त्याला वस्तरा टेबलावर ठेवायला लावला. मग म्हणाले, माझ्या साडूच्या घरी घडलंय हे. खोटं वाटलं तर त्याला विचारा. तो सांगणार नाही, ते वेगळं.

साडू स्नूकरच्या स्टिका दुरुस्त करतो. जिन्याखाली एक खोली आहे, तिथे पॉलिश, स्पिरिट, लाकूड खरवडायच्या पातीचे तुकडे आणि वास. मागच्या जानेवारीतला दुसरा शनिवार होता. संध्याकाळी तो एका बाईंकडे त्यांच्या नवऱ्याची स्टिक आणायला गेला. नवरा महिन्यापूर्वी वारला होता. क्लबात त्याला घामट म्हणायचे. तळहाताला इतका घाम की शॉट घेताना कोपरावरून थेंब पडायचा. प्रत्येक शॉटआधी तो हात डोक्यावरून फिरवायचा, त्यामुळे घामात केसांचं तेल आलं, कलप आला. त्यावर चॉकचा भुगा, त्यावर पावडर. आणि जन्मात कुणाला ती स्टिक पुसू दिली नाही. फडकं पुढे केलं की म्हणायचा, मेहनत आहे ती माझी.

बाईंना ती जावयाला द्यायची होती. पण तिला मुंग्या लागत होत्या. दोन बोटांत धरून त्यांनी ती साडूच्या हातात दिली आणि लगेच हात धुवायला आत गेल्या.

रात्री जेवण झाल्यावर साडूने पात लावली. जेवणाआधी लावायला हवी होती, म्हणजे जेवला तरी नसता. टाच घासल्यावर निघतात तशा वळ्या निघायला लागल्या. वरची काळी, खालची हिरवट, त्याखाली पिवळी. ताप आलेल्याच्या उशीला येतो तो वास. सगळं गोळा झालं तेव्हा लिंबाएवढा गोळा झाला. मऊ. आणि खोलीत थंडी असून कोमट.

तेवढ्यात त्याची पोरगी, घरात तिला ठमी म्हणतात, रडत खाली आली. दुसऱ्या दिवशी तिची फायनल होती. जिंकली तर पुढच्या शिबिराला निवड, हरली तर खेळ बंद आणि आत्याच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं. आणि तिची स्टिक गाडीवरून पडली होती. पुढच्या बाजूला, जिथे ती बोटांवरून सरकते तिथेच, नखाएवढा खळगा.

खळगा भरायला लाकडाचा भुसा आणि सरस लागतो. सरस होता. भुशाचा डबा रिकामा. दुकानं बंद. साडूने त्या गोळ्याकडे पाहिलं. रंग अगदी लाकडाचा.

पोरीला वर झोपायला पाठवलं. चिमूटभर गोळा घेतला, सरसात मळला, अंगठ्याने दाबून बसवला. वरून पॉलिशचा हात. खळगा कुठे होता ते शोधूनही सापडेना. मग तीनदा हात धुतले. वास गेला नाही. बायकोला काही बोलला नाही.

दीड वाजता त्याला जाग आली. खालून आवाज येत होता. सर्र... सर्र... स्टिक बोटांवरून सरकते तसा.

त्याला वाटलं, पोरगी सराव करतेय. झोप म्हणून सांगावं.

खाली दिवा नव्हता. ठमी कामाच्या टेबलावर वाकली होती. चेंडू नव्हता. सर्र... मग थांबली. हात डोक्यावरून फिरवला. पुन्हा वाकली. कोपरावरून थेंब पडला. टप्प.

"ठमे..."

"बाबा, हात सुटत नाही."

त्याने दिवा लावला. बोटं ओढली. बोटांत आणि लाकडात तारा निघाल्या. लांब. काळपट. आणि जिथे खळगा भरला होता तिथे... एक केस उभा.

काळाभोर. मुळाशी पांढरा.

साडूने चिमटीत धरून ओढला. निघाला नाही. ठमी कळवळली. त्याने पातीने कापला. दोघं बघत असताना तो पुन्हा वर आला. मग धावत जाऊन दाढीचा वस्तरा आणला आणि लाकडाला अगदी टेकवून फिरवला.

हात सुटला.

दुसरी स्टिक नव्हती. सकाळी तीच घेऊन ती खेळली. साडू पहिल्या रांगेत, खिशात वस्तरा. प्रत्येक फ्रेमनंतर, म्हणजे एकेक डाव संपला की, पोरगी स्टिक घेऊन यायची आणि तो मान खाली घालून तिची दाढी करायचा. लोकांना वाटलं, काहीतरी नवीन पॉलिश आहे. आणि ठमी खेळली अशी की कुणी बघतच राहावं. फक्त प्रत्येक शॉटआधी हात डोक्यावरून.

घामटच्या बाई जावयाबरोबर सामना बघायला आल्या होत्या. मध्येच त्यांनी नाकाला रुमाल लावला. हळूच साडूकडे वाकल्या.

"त्यांना म्हणावं, आधी हात धुवा."

पोरगी जिंकली. शिबिराला गेली. त्या स्टिकला मात्र तिने पुन्हा हात लावला नाही. साडूने ती जाळायला घेतली तर तिच्या तळहाताला फोड आले. मग ती स्टिक माझ्याकडे आली. भिंतीवरच्या स्टँडच्या त्या शेवटच्या खाचेत उभी आहे. महिन्यातून एकदा केस वाढतो, वास सुटतो. मी काढतो. सुका वस्तरा, दोन हात, झालं.

पोरं सगळी त्या खाचेकडे बघत होती.

"आज करायचीच होती," काका उठले. स्टिक काढली, मेणबत्तीजवळ आणली. त्या जागेवरून अंगठा फिरवला.

परत फिरवला.

गुळगुळीत.

वस्तरा उचलून नाकाशी नेला. लांब केला.

"खणाची किल्ली माझ्याकडेच असते," ते म्हणाले. "आणि मी साबण लावत नाही."

कुणी हललं नाही. फक्त तो मेणबत्तीवाला पोरगा पँटीवरचा हात उचलायला बघत होता.

हात सुटत नव्हता.