ताशी अठ्ठावन्न मैल

मिसेस प्रूइटनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाळ, टीव्हीसमोरच्या त्या खुर्चीत बसू नकोस. शेजारी हॉलिस आहे, अंपायर. पाय मोडल्यापासून तो कुणाशी धड बोलत नाही, आणि बोललाच तर वाद घालतो." गावच्या पोहण्याच्या तलावाच्या खिडकीत ती पंचवीस वर्षं तिकिटं देतेय, तिला सगळ्यांची कुंडली पाठ. मी हसून मान डोलावली आणि नेमकी त्याच खुर्चीत जाऊन बसले. तिथून काचेपलीकडे माझी टिली दिसत होती ना... पाच वर्षांची, पोहायच्या वर्गाचा पहिला दिवस. तिच्यावरून नजर हटवायचा माझा मुळीच इरादा नव्हता.

पण टीव्हीवर पेटन होती.

पेटन आमच्या गल्लीतली. बारा वर्षांची. मला कामावरून यायला उशीर झाला की टिलीला तीच सांभाळते. आमच्या ओक्लाहोमातल्या एवढ्याशा गावच्या मुली टेक्सासात सॉफ्टबॉलच्या मोठ्या स्पर्धेत खेळत होत्या, आणि त्या आठवड्यात गावात दुसरा विषयच नव्हता. पेटननं हात चक्रासारखा फिरवला, चेंडू सुटला, आणि मी नकळत पुटपुटले, "एकसष्ट."

"छे. अठ्ठावन्न." शेजारून आवाज आला. मान न वळवता.

पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा उमटला. अठ्ठावन्न.

मी कॉलेजात दोन वर्षं पिचर होते, चेंडू टाकणारी, असं मी जरा फणकाऱ्यानंच ऐकवलं. तेव्हा कुठे त्यानं वळून पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे दोन पांढुरके ठसे, आणि प्लॅस्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर.

"मग तर तुम्हाला चुकायला काही कारणच नव्हतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर पडद्याच्या त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी. पिच पडला, म्हणजे चेंडू टाकला गेला, की दोघांनी वेग सांगायचा, मग पट्टी उचलून बघायची. हरेल त्यानं समोरच्या गाडीवरून चेरी घातलेलं लिंबूपाणी आणायचं. तो कानांनी सांगायचा – ग्लव्हमध्ये चेंडू आदळल्याच्या आवाजावरून. मी डोळ्यांनी, मनगटावरून. आम्ही वेगावरून भांडलो, कॅचरच्या गुडघ्यांवरून भांडलो, तिसऱ्या बेसवरच्या मुलीनं फेकायला उशीर केला की नाही यावरून तर फारच भांडलो. कुबड्या घेऊन रस्ता ओलांडताना तो अर्धं लिंबूपाणी सांडायचा... आणि तरी मुद्दाम हरतोय की काय, असा मला संशय येऊ लागला. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता तो मला "तू" म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला ते कळलं असावं, कारण उरलेला वेळ तो फार चांगलं वागला.

त्याच संध्याकाळी मी पेटनची मुलाखत पाहिली. बोलता बोलता ती डाव्या हातानं केस मागे सारत होती. पेटन उजव्या हाताची आहे.

मी तिच्या आजीला फोन केला. वर्नाआजी तिच्याबरोबर टेक्सासातच होती. ती हसली. म्हणाली, "अगं कॅस, उचकी लागली म्हणून टिलीला डॉक्टरकडे नेणारी बाई तू." आणि वर आमच्या गावात सगळे सांगतात तेच सांगितलं – चेंडू खालून टाकायचा असतो, त्यानं हाताला काही होत नाही, मुली रोज टाकू शकतात. पेटन रोज टाकत होती. तीन दिवसांत तीन सामने. मी फोन ठेवला. माझ्या वेळीही हेच सांगत होते, आणि आज मला टिलीला उजव्या कडेवर दोन मिनिटांच्या वर घेता येत नाही.

चौथ्या दिवशी उपांत्य सामना. तलावाच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. आम्ही एका धावेनं पुढे होतो, आणि पाचवा डाव सुरू होता.

"अठ्ठावन्न," हॉलिस म्हणाला. पट्टी उचलली. अठ्ठावन्न. पुढचाही तोच, त्याच्या पुढचाही. समालोचक तिच्या दमाचं कौतुक करत होते. मी वेग सांगायचं कधी थांबवलं ते मलाच कळलं नाही.

मग हॉलिस पुढे झुकला. हळूच म्हणाला, "पाय बघ. पायाखालच्या रबरी पट्टीवरून सुटल्यावर ती तो पुन्हा जमिनीत रोवतेय आणि परत रेटा घेतेय. हे नियमात बसत नाही. कुणी पुकारत कसं नाही?"

"हात चालत नाहीये तिचा..." मी म्हणाले. "म्हणून सगळं पायांनी करतेय. आकडा तेवढाच राहावा म्हणून."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी वर्नाला पुन्हा फोन लावला – उचलला नाही. पुन्हा लावला – कापला. काचेपलीकडे टिली तोंड पाण्याबाहेर काढून मला शोधत होती. मी तिला हात केला.

"नंबर दे," हॉलिस म्हणाला.

मला माहीत होतं तो काय पणाला लावतोय. चालू सामन्यात अंपायरनं एका संघाच्या माणसाला फोन करायचा आणि आपल्याच गावच्या मुलीला खेळातून बाहेर काढायला लावायचं – अंपायरांची संघटना त्याला पुन्हा मैदानात उभं करणार नव्हती कदाचित. त्यानं स्वतःच्या फोनवरून नंबर फिरवला. अनोळखी नंबर बघून वर्नानं उचलला.

"वर्नाबाई, हॉलिस बोलतोय, अंपायर. मी तुमच्या नातीला तीनदा बाद दिलंय, तुमच्याशी गोड बोलायचं मला काही कारण नाही. तिला हात डोक्यावर उचलायला सांगा. आत्ता... नाही, डाव संपल्यावर नाही. आत्ता."

त्यानं फोन ठेवला. पडद्यावर पेटननं आणखी एक पिच टाकला. आणखी एक. तिच्यामागे, चित्राच्या अगदी कडेला, लाल टोपीतली एक म्हातारी कठडा धरून पायऱ्या उतरत होती... इतकी सावकाश, की मला तिला ढकलावंसं वाटलं. ती जाळीपाशी पोचली. प्रशिक्षक तिच्याशी हुज्जत घालू लागला. मग अंपायरनं खेळ थांबवला आणि प्रशिक्षक पेटनकडे गेला.

पेटननं मान हलवली. नाही. तिला खेळायचं होतं. जाळीतून आजी काहीतरी म्हणाली.

मुलीनं हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ती ओठ दाबून तो वर रेटायला बघत होती, आणि तो जात नव्हता. हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, तेवढाच आवाज.

आम्ही दोन धावांनी हरलो. हॉलिसनं फोन केल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळे त्याच्याकडे न बघता निघून गेले. मिसेस प्रूइटनं तेवढं त्याच्यापुढे ग्लासभर पाणी ठेवलं.

टिलीला टॉवेलात गुंडाळून मी बाहेर आले तर तो पार्किंगमध्ये कुबड्यांवर टेकून उभा होता. रातकिडे दुपारीच किरकिरत होते. क्लोरीनचा वास माझ्या हातांनाही लागला होता.

"तुला माझं पटलं नव्हतं," मी म्हणाले. "तुला नियम दिसला होता."

"हो."

"मग का केलास फोन?"

त्यानं कुबडीनं डांबर टोकरलं. "पाय दिसला तेवढाच. एरवी पाचव्या डावात मी पडद्याकडे बघतच नव्हतो, कॅस. आवाजावरून सांगत होतो. तुझ्याकडे बघत होतो... तिच्या प्रत्येक पिचला तू स्वतःचा खांदा धरत होतीस. तेव्हा मला समजलं, तिचं काय होतंय ते." मग, "आणि माझंही काय होतंय ते."

मी हात पुढे केला, उजवा. त्यानं तो खालूनच धरला, जराही वर न ओढता. टिलीनं विचारलं, हा काका कोण. मी म्हटलं, सांगते... घरी जाताना सांगते.

डॉक्टर म्हणाले, अजून एक सामना झाला असता तर खांद्याचं हाड गेलं असतं. पेटन पुढच्या वसंत ऋतूपर्यंत खेळणार नाही. ती माझ्याशी अजून बोलतही नाही. संघटनेनं हॉलिसला वर्षभर घरी बसवलंय. दर शनिवारी तो आमच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टर निघालेला पाय पसरून बसतो आणि मी केलेल्या पॅनकेक्सच्या गोलाईवर निकाल देतो.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, चेंडू टाकणारी एखादी मुलगी असेल. ती बरी आहे असंच सांगेल. आज तिला वरच्या फळीवरचा एखादा डबा काढून द्यायला सांगा... आणि डब्याकडे नका बघू, तिच्या चेहऱ्याकडे बघा.