स्ट्रक्चरमध्ये हरवलेला कूलर

"चार वाजता कूलर घेणारी पार्टी येऊन राहिली, दीदी. तोवर कूलर नाही सापडला तर राजस भैया मले पोलिसात देतात," अर्चना बुधे एका दमात बोलली.

ती रायपूरच्या शंकर नगरातल्या एका कूलर कंपनीचं स्टोअर सांभाळायची. तिथून नव्या मॉडेलचा एकुलता एक नमुना गायब झाला होता. चाकांवर ढकलता येणारा, खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी लावलेला आणि अजिबात आवाज न करणारा. शनिवारी कुलूप लावलं. सोमवारी कुलूप शाबूत, कूलर नाही.

"चावी कोणाकोणाकडे?" देवयानी कोलतेनं विचारलं. बुढापारा भागात तिची खासगी तपासाची कचेरी होती.

"माझ्याकडे आन् तिन्ही चीफकडे. नव्या स्ट्रक्चरमध्ये चीफले सगळ्या चाव्या देतात."

"चीफच्या केबिनची झडती झाली?"

"कोण घेईन? झडती समितीत तेच तिघं आहेत."

"मंग सोपं आहे, वहिनी," नीलकंठ म्हणाला. हा देवयानीचा दीर. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तिच्या प्रत्येक तपासात लुडबुडायचा. "बाकी तिघं चीफ आहेत. म्हणजे चोर हीच."

"भाऊजी, स्कूटर काढा."

मालक श्यामकांत देशकरांनी कंपनी काढली, तेव्हा एक मालक होता आणि बाकी सगळे काम करत. मग मुलगा राजस एमबीए होऊन आला. आता प्रत्येकाला दोन साहेब, प्रत्येक साहेबाला एक समिती, आणि कूलर बनवायला जेमतेम माणसं उरलेली. त्यात कूलर विकणाऱ्या कंपनीचे चीफ बसत एसीत. लाज कोणालाच वाटत नव्हती.

विक्रीचा चीफ अभिनव बंद खिडक्यांच्या गारठ्यात मफलर गुंडाळून बसला होता.

"मी काहून चोरू? पार्टी माझी आहे. ऑर्डर गेली तर मीच घरी बसतो."

उत्पादनाची चीफ अनुश्री घामाघूम होती. तिचा एसी बंद पडला होता.

"खिडकी तरी उघडा," नीलकंठ म्हणाला.

"अन् तापलेली लू आत घेऊ? मे महिना आहे, काका."

"एसी दुरुस्त काहून नाही होत?" देवयानीनं विचारलं.

"तक्रार ॲडमिनकडे जाते, तिथून फायनान्सकडे, तिथून सुविधा समितीकडे. अध्यक्ष राजस. महिना झाला, तो म्हणतो, क्रमानं होईल."

"आणि त्याचाच बिघडला तर?"

अनुश्री पहिल्यांदा हसली. "स्वतःच्या तक्रारीवर अध्यक्षाले सही नाही करता येत. नियम त्यानंच काढला."

तिसरा चीफ खुद्द राजस. त्याच्या केबिनमध्ये मागच्या खिडकीपुढे उंच फळा उभा होता. त्यावर चौकोन, चौकोनांतून बाण, बाणांतून पुन्हा चौकोन. समोरची खिडकी सताड उघडी. तिचा पडदा बाहेरच्या बाजूला फुगून फडफडत होता.

"एसी असावा तर असा!" नीलकंठ खुर्चीत सैलावला. "खसचं सरबत मागवलं काय? वास मस्त आहे."

"नहीं अंकल, रूम फ्रेशनर," राजस घाईनं म्हणाला. "देखिए मॅडम, स्टोअर अर्चना का है। जिम्मेदारी भी उसी की।"

"चावी तुमच्याकडेही आहे."

"वो तो स्ट्रक्चर का पार्ट है।"

देवयानीनं सगळ्यांना तिथंच बोलावलं. श्यामकांतरावही आले.

"एसीच्या खोलीत खिडकी उघडी कोण ठेवते?" तिनं सुरुवात केली. "बाहेरून लू येऊन राहिली, तर पडदा आत उडाला पाहिजे. हा बाहेर उडून राहिला. म्हणजे आतून कोणीतरी हवा ढकलून राहिलं. कूलरले मागं एक खिडकी लागते, हवा घ्यायले. समोर एक उघडी लागते, नाहीतर खोलीत चिकचिक होते. रायपुरात हे शेंबड्या पोट्ट्यालेही ठाऊक असते. खसचा वास आला, पण सरबत आलं नाही. आवाज म्हणाल, तर तुमचं मॉडेलच मुकं आहे. भाऊजी, फळा सरकवा."

फळा सरकला. मागे कूलर शांतपणे चालू होता.

"म्हणजे ही पोरगी चोर नाही?" नीलकंठनं विचारलं.

"चोर नियमात फसला, भाऊजी. राजसचा एसी बिघडला. तक्रार टेबलं फिरत त्याच्याच टेबलावर आली आणि तिथंच मेली. त्यानं रविवारी, कोणी नसताना, कूलर ढकलत आणला. सोमवारी पार्टी यायच्या आत परत ठेवणार, तोच अर्चनानं बोंब मारली. खरं सांगितलं असतं तर स्ट्रक्चर गाढवपणाचं आहे हे बापापुढे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा एका पोरीले चोर ठरवणं सोपं वाटलं."

राजसनं हात लांबवून कूलर बंद केला.

"माफी माग," श्यामकांतराव गरजले.

"हव पापा, मैं उसके दोनों मॅनेजर को मेल..."

"तिच्या तोंडावर!"

राजसनं मागितली. पुटपुटत, पण मागितली. "अर्चना कुठंही जाणार नाही," श्यामकांतराव म्हणाले. तेवढ्यात बाहेर पार्टीची गाडी थांबली.

कूलर शोरूममध्ये न्यायचा, तर शोरूम पायऱ्या चढून होतं. तिथं चाकं उपयोगाची नव्हती. राजस कोणाला सांगावं म्हणून इकडंतिकडं पाहू लागला.

"कोणाले शोधता, भैया? तिकडून धरा," अर्चना म्हणाली.

टाकी भरलेली होती. पहिल्याच पायरीवर पाणी राजसच्या बुटांत उतरलं.

"इतना भारी होता है?"

"हव. खाली ठेवू नका, अजून पायऱ्या आहेत."