सरांची उसंत

काळजीवाहू हा शब्द पूर्वी फक्त सरकारला लावत. आता घरोघरी काळजीवाहू होते, कारण घरोघरी स्मृतिभ्रंश होता. आणि या काळजीवाहूंची तब्येत टिकावी म्हणून 'नवखो' नावाचा खेळ होता. मिरजेत सुचेता कुंभोजकरच्या हॉलमध्येही त्याची चटई अंथरलेली होती आणि समोर भिंतभर पडदा होता.

नऊ गावांतल्या नऊ घरांचा एक संघ. प्रत्येक काळजीवाहूच्या मनगटावर एक पट्टा. तो नाडी, श्वास आणि चाल मोजून 'उसंत-अंक' काढी, म्हणजे अंगात शंभरपैकी किती दम शिल्लक आहे ते. एखादीचा अंक फार घसरला की खेळ तिला बसवी आणि नऊ जणांतल्या सगळ्यात ताज्या माणसाला खो देई. त्यानं उठायचं, आपल्या चटईवर पावलं टाकायची, टाळ्या वाजवायच्या आणि पडद्यावरून दमलेलीच्या पेशंटला हलतं-बोलतं ठेवायचं. वीस मिनिटांचा डाव. दमलेलीनं तेवढा वेळ खोलीबाहेर जायचं आणि अजिबात डोकावायचं नाही, हा कडक नियम. चित्रं कुठेच साठवली जात नसत. पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचत ते फक्त आकडे.

या वीस-वीस मिनिटांवरच सुचेता तगून होती. तिचे यजमान हेमंतसर शाळेत तीस वर्षं पीटी शिकवत. गेली दोन वर्षं ते तिला ओळखत नव्हते. "तुम्ही कोण?" असं ते दिवसातून चाळीसेक वेळा विचारत. ती मोजायची. मोजायचं नाही असं रोज ठरवून मोजायची.

आणि एके दिवशी हा खेळ बनवणारी डॉ. ओवी टिपणीस स्वतःच पुण्याहून आली.

"काकू, अख्ख्या संघात तुम्ही पहिल्या!" चहाचा कप खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. "एरवी तुमची उसंत तीसच्या वर जात नाही. पण सकाळी सात चाळीस ते आठ? ब्याण्णव! आणि त्या डावात रडणारे पेशंटसुद्धा शांत होतात. करता तरी काय तुम्ही?"

"सात चाळीसला?" सुचेता बुचकळ्यात पडली. "तेव्हा मी अंघोळीला असते गं. पट्टा चार्जिंगला लावून."

ओवी मुक्कामालाच राहिली. दुसऱ्या दिवशी सात चाळीसला दोघी स्वयंपाकघराच्या दाराआड, शाळकरी पोरींसारख्या, श्वास रोखून उभ्या.

सर अंघोळ करून आले, भांग पाडला आणि चार्जरवरचा पट्टा उचलून मनगटाला बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. अंघोळीनंतर घड्याळ बांधायची जन्माची सवय. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. "खो!" पडदा गरजला, आणि सर ताडकन उठले.

पडद्यावर नांदेडची एक म्हातारी रडत होती. "माझी आई कुठं गेली हो?"

"आई दिसत नाही होय? येतील, येतील," सर म्हणाले. "तोवर आपण चालू. डावा, उजवा, डावा, उजवा. शाब्बास!"

अर्ध्या मिनिटानं तिनं पुन्हा आईचं विचारलं. सरांच्या चेहऱ्यावर तेच नवंकोरं आश्चर्य. "अरेच्चा, आई दिसत नाही? घाबरायचं नाही. मी आहे ना."

मी आहे ना. या शब्दांसाठी सुचेता दोन वर्षं तरसली होती. तिला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

"बघा ना काकू," ओवी कुजबुजली. तिचे डोळे चमकत होते. "माणूस कामानं तेवढा दमत नाही. चाळिसाव्यांदा तोच प्रश्न आला की आधीचे एकोणचाळीस त्याच्यावर बसलेले असतात, त्यांच्या वजनानं दमतो. सरांना तो दर वेळी पहिलाच."

"आणि मला आकडा पाठ."

"म्हणून तर आमचा पुढचा प्रयोग आहे. काळजीवाहूंनाही थोडंसं विसरायला शिकवायचं. एवढंच, दिवसभराचं ओझं."

"एवढंच म्हणजे केवढं गं?"

ओवीनं बॅग आवरायला घेतली. जाताना मात्र ती घुटमळली. "पेशंटच्या हाती पट्टा गेला की घर बाद, असा नियम आहे. पट्टा कुलपात ठेवा, मी चूक म्हणून निभावून नेते. नाहीतर तुमची विश्रांती बंद होईल. उद्या आठला फोन करते."

सुचेता दिवसभर कुलूप हातात घेऊन फिरली. कुलूप लावलं तर तिला उसंत मिळणार होती, पण "मी आहे ना" म्हणणारा माणूस पुन्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसणार होता.

सकाळी तिनं पट्टा चार्जरवरच ठेवला. मग टॅब्लेट घेऊन ती आतल्या खोलीत बसली आणि संघाच्या यादीत पुढच्या डावाची पेशंट म्हणून स्वतःचं नाव घातलं. 'काय विसरता?' या प्रश्नापुढे तिनं 'सगळं' असं लिहिलं.

सात चाळीसला हॉलमध्ये "खो!" झालं. टॅब्लेटवर सरांचा चेहरा आला, भांग नीट पाडलेला.

"नमस्कार. नाव काय तुमचं?"

"सुचेता."

"छान नाव आहे. घरी कोण असतं?"

"मिस्टर असतात."

"मग काळजी घेतात ना ते तुमची?"

"हो," ती म्हणाली. "घेतात."

"झालं तर मग! चला, हात वर. डावा, उजवा."

तिनं हात वर केले. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा नाव विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. ते किती वेळा विचारलं हे तिनं मोजलंच नाही, आणि आठ वाजल्यापासून वाजणारा ओवीचा फोन नेमका कशासाठी आहे, हे तिला पटकन आठवेना.